म्हात्रेबाईंचे सतरा मिलिमीटर

पुढचं पाहू शकणारी माणसं कोणत्याही काळात थोडीच जन्माला येतात, आणि त्यांतल्या एका व्यक्तीच्या सहवासात मला सहा वर्षं काढता आली, याबद्दल मी नियतीचा ऋणी आहे. डॉ. हेमलता म्हात्रे यांना पुढचं दिसायचं. मात्र त्यासाठी खोलीत अंधार, पेशंटचं मूत्राशय रिकामं आणि यंत्राच्या टोकाला चमचाभर जेल लागायचं. दिसायचं तेही मिलिमीटरमध्ये. आणि दिसलेलं ज्याला सांगायचं, तो माणूस बहुधा एखाद्या कार्यक्रमात असायचा.

नालासोपारा पश्चिमेला एका बेकरीच्या वरच्या मजल्यावर त्यांचं सोनोग्राफी सेंटर होतं. जिना अरुंद, लिफ्ट नाही. सहाव्या-सातव्या महिन्यातल्या बायका कठडा धरून वर चढायच्या आणि खालच्या भट्टीतल्या पावांचा वास त्यांच्या आधी वर पोचायचा. दारावर कायद्याने सक्तीचा बोर्ड होता : इथे गर्भलिंगनिदान होत नाही. त्याखाली बाईंनी स्वतःच्या हाताने लिहिलेला एक कागद होता : 'पाचव्या महिन्याच्या तपासणीला पाणी पिऊन येऊ नये. प्यायला असाल तर आधी जाऊन यावे.' पहिला बोर्ड वाचून लोक आवाज खाली आणायचे. दुसरा वाचून हसायचे.

मी त्याआधी गिरगावातल्या एका छापखान्यात प्रूफं वाचत असे. छापखाना बंद पडला, आणि वाचता येणं हा काही धंदा नव्हे हे मला पन्नाशी उलटल्यावर समजलं. बाईंना फॉर्म भरायला आणि रजिस्टर सांभाळायला माणूस हवा होता. मुलाखतीत त्यांनी शिक्षण विचारलं नाही.

"प्रूफं वाचता म्हणजे लोकांच्या चुका शोधता?"

"हो."

"मग दोन बोटांत पंचवीस मिलिमीटर धरून दाखवा."

मी धरलं. त्यांनी खणातून शाळेतली लाकडी फूटपट्टी काढून माझ्या बोटांना लावली. चव्वेचाळीस भरले.

"सगळे जास्तच दाखवतात," त्या म्हणाल्या. "कमी दाखवणारा मला अजून भेटायचाय. सोमवारपासून या."

ही परीक्षा त्यांनी माझ्यानंतर औषध कंपन्यांचे प्रतिनिधी, मशीन दुरुस्त करायला आलेला इंजिनिअर, एक नगरसेवक आणि कितीतरी नवरे यांची घेतलेली मी पाहिली. नगरसेवकाने दाखवलेल्या अंतरात एक बटाटा बसला असता.

पंचवीसचं प्रकरण असं होतं. गर्भाशयाला खाली तोंड असतं. दिवस भरेपर्यंत ते मिटलेलं आणि लांब राहायला हवं. पाचव्या महिन्यात आतून सोनोग्राफी करून ही लांबी मोजता येते. पंचवीस मिलिमीटरच्या खाली आली, तर मूल वेळेआधी यायची भीती वाढते. जितकी कमी, तितकी भीती जास्त. वेळेवर कळलं तर रोज आतून ठेवायच्या गोळ्या देतात, काही जणींना तोंडाला टाका घालतात. प्रत्येक मूल वाचतंच असं नाही, पण पुष्कळ वाचतात. एवढंच. हे मला बाईंनी पहिल्याच दिवशी समजावलं, आणि मग म्हणाल्या, "परब, ह्यात न समजण्यासारखं काय आहे ते मला तुम्ही सांगा. कारण इथे कुणाला समजत नाही."

आमच्या भागात सोनोग्राफी म्हणजे पाणी, हे समीकरण पक्कं होतं. सोनोग्राफीला निघालेली बाई बाटली घेऊनच निघायची. चार ग्लास प्यायचे, पाय आवळून बाकावर बसायचं आणि नंबर येईपर्यंत दाबून धरायचं. पहिल्या दोन-तीन महिन्यांत, पोटावरून पाहताना, त्याचा उपयोगही असतो. पण भरलेलं मूत्राशय गर्भाशयाचं तोंड दोन्ही बाजूंनी दाबून लांब करतं. आखूड असलेलं लांब दिसतं. म्हणजे पेशंट जितकी सोशीक, तितका रिपोर्ट चांगला. बाईंचा सगळा जन्म या पाण्याशी भांडण्यात गेला. एरवी डॉक्टरांशी त्या मोजकं इंग्रजी बोलायच्या, माझ्याशी पुस्तकी मराठी. पण बाकावर कुणाच्या हातात बाटली दिसली की खाडीकाठच्या त्यांच्या गावाची बोली बाहेर पडायची. "कोनी सांगितलं गो बाय पानी प्यायला? टाकी भरून आलीस ती?"

मोजायची त्यांची रीत ठरलेली होती. पडद्याआड त्या, पेशंट आणि आयाबाई. पडद्याबाहेर रजिस्टर घेऊन मी. बेकरीत भट्टीची वेळ पाहायला लावतात तसलं गजराचं छोटं घड्याळ त्या तीन मिनिटांवर लावायच्या आणि तेवढा वेळ यंत्र न हलवता नुसत्या स्क्रीनकडे पाहत राहायच्या. घाईत पाहिलं तर तोंड मिटलेलं दिसतं. थोडं थांबलं की खरं काय ते दाखवतं, असं त्यांचं म्हणणं. मग तीनदा मोजायचं आणि तिन्हींतला सगळ्यांत लहान आकडा घ्यायचा. आयुष्यात स्वतःहून लहान आकडा घेणारी माणसं मी फारशी पाहिली नव्हती.

गंमत अशी की या दारात येणाऱ्या प्रत्येकाला पुढचं जाणून घ्यायचं असायचं. पेढे की बर्फी, एवढंच. ते सांगणं गुन्हा होता. जे सांगणं गुन्हा नव्हता, ते कुणाला नको होतं. एकदा एका सासऱ्याने दाराशी उभं राहून खालच्या आवाजात विचारलं, "मॅडम, नुसतं मान हलवून सांगा." बाई म्हणाल्या, "तुमच्या सुनेचं मूल आठव्या महिन्यात येईल की नवव्या, ते मी ओरडून सांगायला तयार आहे. ऐकता?" सासरा म्हणाला, "ते देवाच्या हातात." आणि निघून गेला. देवाच्या हातात काय सोपवायचं याबद्दल त्याचा काही गोंधळ नव्हता.

बाई नेहमी बरोबर असत असंही नाही. विरारच्या एका शिक्षिकेचं माप बावीस आलं. बाईंनी तिला इतक्या कळकळीने सांगितलं की ती घाबरून महिनाभर रजेवर बसली. गोळ्या चालू होत्या की नव्हत्या, देव जाणे. मूल नऊ महिने पुरे करून आणि वर चार दिवस राहून आलं. तिचा नवरा किलोभर पेढे घेऊन जिना चढून आला आणि बाकावरच्या सगळ्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "मॅडम, तुमचं ते माप चुकलं बरं का!" बाईंनी पेढा घेतला. तो गेल्यावर म्हणाल्या, "अंदाज आहे तो, पत्रिका नाही. पण एक बघा परब. माझा अंदाज चुकला की पेढे येतात. बरोबर आला की कुणी येत नाही." आणि दुसरा पेढा घेतला. गोड त्यांना आवडायचं. डायबेटिस होता, त्याला त्या जुमानत नसत. दुसऱ्यांच्या बाबतीत एवढी दूरदृष्टी असलेल्या बाई स्वतःच्या साखरेचा रिपोर्ट न उघडता खणात टाकायच्या, हेही नमूद करायला हवं.

आता डॉ. केळुसकर. आमच्या भागातले नामवंत स्त्रीरोगतज्ज्ञ. 'नामवंत' हा शब्द माझा नाही, त्यांच्या पाटीवर होता. त्यांच्या नर्सिंग होमच्या भिंतींवर हार घातलेल्या अवस्थेतले त्यांचे इतके फोटो होते की नवख्या पेशंटने आधी चौकशी करावी, डॉक्टर हयात आहेत ना. माणूस वाईट नव्हता. बोलणं गोड, हात सफाईदार, नेमकी वेळ आली की धावून जाणारा. फक्त नेमकी वेळ येण्याआधी त्याला कुणी काही सांगितलेलं आवडत नसे. आमच्याकडे येणाऱ्या पेशंटांपैकी निम्म्या तरी त्यांच्या चिठ्ठीने यायच्या.

वनिता त्यांचीच पेशंट. कळंबची. नवरा मच्छीमार बोटीवर, सासू जानकीबाय नालासोपाऱ्याच्या बाजारात मासळी विकायची. वनिताचं पहिलं मूल सहाव्या महिन्यात गेलं होतं. घरात त्याचं कारण ठरलेलं होतं : तिने भरलेला हंडा उचलला. केळुसकरांनी त्याला 'बॅड लक' म्हटलं होतं. दोन्ही निदानांत फारसा फरक नव्हता. अशा बाईचं माप चौथ्या महिन्यापासून दर पंधरवड्याला घ्यायला हवं, असं बाईंचं मत. पण दुसऱ्या खेपेला चिठ्ठी आली ती पाचवा महिना सरताना, आणि तीही बाळाचे हातपाय नीट आहेत का ते पाहायला.

वनिता दोन बाटल्या पिऊन ओठ चावत बाकावर बसली होती.

"जा, आधी मोकळी होऊन ये," बाई म्हणाल्या.

जानकीबाय उभी राहिली. "दीड तास दाबून बसलीय पोर. आता सांडून ये म्हनतेस? नि आतून कशाला तपासनार? पोटावरून दिसत नाय तुझ्या मशीनला?"

"पोटावरून बाळ दिसतं, जानकीबाय. दार दिसत नाही."

"दाराला काय झालंय?"

"तेच बघायचंय."

वनिता सासूकडे न बघता उठली आणि जाऊन आली. तिचं बोलणं त्या दिवशी मी एकदाच ऐकलं. पडद्याआडून तिने विचारलं, "मॅडम, ह्या वेळी राहील ना?" बाईंनी गजराची कळ फिरवली. घड्याळाची तीन मिनिटं टिकटिकत गेली. मग आतून आकडे आले. "एकोणीस. अठरा." थोडं थांबून, "सतरा. परब, सतरा लिहा."

बाईंनी लगेच केळुसकरांना फोन लावला. "सर, सतरा आहे. आतल्या बाजूने उघडायला लागलंय. पहिलं सहाव्या महिन्यात गेलंय. आजच गोळ्या सुरू करा आणि टाक्याचं बघा."

पलीकडून माईक तपासल्याचा आवाज येत होता. "मॅडम, मी जरा कार्यक्रमात आहे. रिपोर्ट पाठवून द्या. आणि पेशंटला घाबरवू नका हं. उगाच बीपी वाढतं."

रिपोर्ट गेला. दोन दिवसांनी जानकीबाय मासळीची पाटी खाली बेकरीवाल्याच्या हवाली करून वर आली. हातात एक फ्रेम होती. केळुसकरांनी नवीन मशीन घेतलं होतं. त्यात बाळाचा चेहरा पुतळ्यासारखा दिसायचा, आणि त्याचा फोटो फ्रेम करून घरच्यांना भेट मिळायचा. फ्रेमच्या खालच्या पट्टीवर नर्सिंग होमचं नाव सोनेरी अक्षरांत होतं.

"बघ बाय, नाक आमच्या पोराचं! नि तुझ्या सतराचे छत्तीस झाले. डाक्टर म्हनला, सगळं झकास."

बाईंनी फोटो पाहिला. "पाणी पाजलं होतं का तिला?"

"चार गिलास. तिथं विचारतात, तुझ्यासारखं हाकलत नाय."

सतरा आणि छत्तीस यांतला एक आकडा निवडायची वेळ आली तर माणूस कुठला निवडेल, हे मी बाईंना सांगू शकलो असतो. शाळेत सगळेच गेलेले असतात.

त्या रविवारी बाईंनी मला बरोबर घेतलं आणि रिक्षाने कळंब गाठलं. दुसऱ्या डॉक्टरच्या पेशंटच्या घरी न बोलावता जाणं त्यांच्या धंद्यात बसत नाही. वाटेत हे त्या स्वतःच मला दोनदा म्हणाल्या. जानकीबाय घरामागे बोंबील वाळत घालत होती. दोरीच्या पलीकडून तिने आमच्याकडे पाहिलं आणि हात थांबवले नाहीत. शनिवार-रविवारच्या पर्यटकांची एक गाडी गाणी लावून शेजारच्या कॉटेजकडे गेली. ती जाईपर्यंत बाई थांबल्या.

मग त्यांनी यंत्राचं, मिलिमीटरचं काही काढलंच नाही. "जानकीबाय, आमची भातं खाडीच्या बांधाच्या आत. माझा बाप रोज बांधावरून चालायचा. बांध कधी बाहेरून फुटताना पाहिलाय?"

"चिंबोरी बिळं करून पोखरते आतून," जानकीबाय म्हणाली. "वरून बांध जसाच्या तसा. उधानाला एकदम जातो."

"तुझ्या सुनेचं तसंच हाय. बाहेरून मिटलेलं, आतून पोखरतंय. केळुसकरांनी वरून बघितलं, तेपन पानी भरून. मी आतून बघितलं."

जानकीबायचे हात थांबले. इतक्या डॉक्टरांनी इंग्रजीत सांगून जे समजलं नसतं, ते तिला बोंबलाच्या दोरीखाली अर्ध्या मिनिटात समजलं. वनिता मागच्या दारात येऊन उभी होती. तिलाही समजलं, तिने हात पोटाखाली धरला.

"मग दे गोळी लिहून," जानकीबाय म्हणाली.

बाईंनी पर्सचा बंद खांद्यावर सरकवला.

"काय झालं? डाक्टर हायस ना तू?"

"हाय. पण औषध तुमच्या डॉक्टरांनी द्यायचं असतं. मी फक्त बघायचं नि सांगायचं. उद्या त्यांच्याकडे जा, माझा रिपोर्ट दाखवा, म्हणा गोळ्या द्या."

हा त्यांच्या पेशातला जुना रिवाज होता. सोनोग्राफीवाल्याने पाहावं, मोजावं, लिहावं. औषधाचं नाव काढू नये. कायद्याने मनाई नव्हती. एमबीबीएस झालेली कुणीही बाई त्या गोळ्या लिहून देऊ शकली असती. पण रिवाज मोडला असता, आणि पाण्याची बाटली घेऊन बसलेल्या बायकांना फाडून खाणाऱ्या म्हात्रेबाई रिवाजापुढे बोंबलाच्या दोरीखाली उभ्या राहिल्या आणि त्यांनी काहीच लिहून दिलं नाही.

सोमवारी जानकीबाय केळुसकरांकडे गेली. ते भडकले. त्यांच्या पेशंटच्या घरी जाऊन अफवा पसरवल्याबद्दल बाईंची तक्रार करीन म्हणाले, आणि ती त्यांनी केलीही. गोळ्या दिल्या नाहीत. जानकीबाय बिचकली, गावातल्या निम्म्या बाळंतपणांत ज्याचा हात, त्याला दुखवून कसं चालणार? ती परत आमच्याकडे आली नाही.

तीन आठवड्यांनी वनिताच्या कंबरेत कळा सुरू झाल्या. मूल झालं ते हाताच्या पंज्याएवढं. तेवढ्या लहान बाळासाठी लागणारी सोय जवळपास रिकामी नव्हती, म्हणून केळुसकरांनी स्वतः अ‍ॅम्ब्युलन्समध्ये बसून त्याला मुंबईकडे नेलं. ते धावून जाणारे होते, हे मी आधीच सांगितलंय. हायवेवर ट्रॅफिक होता. बाळ खाडीच्या पुलाच्या अलीकडे गेलं. मुलगा होता की मुलगी, मला आजही माहीत नाही. आमच्याकडे बातमी घेऊन आलेल्या कुणीही ते सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

बाई मला घेऊन केळुसकरांच्या केबिनमध्ये गेल्या. मला वाटलं होतं, आवाज चढेल. चढला नाही. केळुसकर खरोखरच दमलेले होते. त्यांनी खणातून आमचाच रिपोर्ट काढला आणि तळाच्या ओळीवर पेन ठेवलं.

"हे वाचा मॅडम. 'हे निष्कर्ष इतर तपासण्यांशी ताडून पाहावेत.' तुम्हीच लिहिलंय. मी ताडून पाहिलं. छत्तीस आलं."

ती ओळ बाईंनी लिहिली नव्हती. मीही टाइप केली नव्हती. प्रत्येक सोनोग्राफी सेंटरच्या प्रत्येक रिपोर्टखाली ती असते. कॉम्प्युटरमध्ये आधीपासून बसवलेली, आपोआप छापून येणारी. उद्या काही झालं तर अंगाशी येऊ नये म्हणून. तीस वर्षं प्रूफं वाचलेल्या मला ती सहा वर्षांत एकदाही दिसली नव्हती. सतरा हा आकडा जेवढ्या मोठ्या अक्षरांत होता, तेवढ्याच अक्षरांत ती होती.

जिना उतरून आल्यावर बाई बराच वेळ रिक्षात बसल्याच नाहीत. रिक्षावाला म्हणाला, "मॅडम, बैठना है क्या?" तेव्हा त्या मला म्हणाल्या, "ओळीचं सोडा परब. कळंबला पेन माझ्या पर्समध्ये होतं."

महिन्याभराने जानकीबाय आली. बाकावर न बसता थेट टेबलाशी. पदराखालून तीच फ्रेम काढली.

"बाय, ह्याचं काय करू? घरात ठेववत नाय. टाकवत नाय."

बाईंनी फ्रेम उघडली, फोटो बाहेर काढला, कात्रीने खालची सोनेरी अक्षरांची पट्टी कापून टोपलीत टाकली आणि चेहरा तेवढा तिच्या हातात दिला. "आता ठेवा," म्हणाल्या. जानकीबायने तो पदराच्या टोकाला बांधला, जसे ती सुट्टे पैसे बांधत असे, आणि बाजारात गेली.

त्या दिवसापासून बाईंनी रिपोर्टखालची ओळ काढून टाकायला लावली. तिच्या जागी मराठीत, ठळक अक्षरांत लिहायचं : 'तोंड अमुक मिलिमीटर. उपचार आजच सुरू करावेत. केले नाहीत तर कारण लिहून द्यावे.' शिवाय गोळ्यांची चिठ्ठी त्या स्वतः लिहून रिपोर्टला टाचू लागल्या. मी म्हटलं, "बाई, भाषा जरा मऊ करूया." त्या म्हणाल्या, "तुम्ही शुद्धलेखन बघा."

शुद्धलेखन निर्दोष होतं. पेशंट पाठवणाऱ्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या येणं थांबलं. आधी केळुसकरांच्या, मग त्यांच्या मित्रांच्या, मग ज्यांची केळुसकरांशी ओळख व्हावी अशी इच्छा होती त्यांच्या. स्वतःचं काही चुकलं तर ते कागदावर राहील, असा रिपोर्ट कुणाला हवा असतो? तक्रारीची चौकशी झाली, त्यात काही निघालं नाही, पण 'त्या बाईंची चौकशी चालू आहे' हे वाक्य वसईपासून विरारपर्यंत फिरून आलं. बाकावर बायका कमी होत गेल्या. वर्ष संपता संपता बाईंनी सेंटर बंद केलं. कायद्याप्रमाणे मशीन सील करायला सरकारी माणसं आली, त्यांनी लाख लावली, पंचनामा केला. बाईंनी त्यांना चहा पाजला. फूटपट्टी मला दिली. मी तिचा उपयोग अजून केलेला नाही.

बाईंना शेवटचं पाहिलं ते त्यानंतर पाच महिन्यांनी. केळुसकरांनी एक अभियान सुरू केलं : 'पूर्ण दिवसांचं बाळ, आनंदी घर.' पाचव्या महिन्यात प्रत्येक गर्भवतीचं माप घ्यायचं, आखूड असेल तर उपचार द्यायचे. खरंच चांगलं अभियान होतं. त्यातला शब्द न् शब्द बाईंचा होता. वसईतल्या एका सभागृहात उद्घाटन ठेवलं होतं, आणि पत्रिकेत सत्कारमूर्तींच्या यादीत शेवटचं नाव म्हात्रेबाईंचं. केळुसकरांनी स्वतः फोन करून बोलावलं होतं. मला वाटतं त्यांना मनापासून वाईट वाटलं असावं. आणि वाईट वाटल्यावर काय करायचं याची त्यांना एकच पद्धत ठाऊक होती.

बाई आल्या, याचं मला नवल वाटलं. मी त्यांच्या शेजारी बसलो. दीपप्रज्वलन झालं, दिवा पंख्याने विझला, परत लावला. मान्यवरांची भाषणं झाली. सूत्रसंचालिका प्रत्येक नावाआधी तीन विशेषणं लावत होती. तेवढ्यात मागून कुणीतरी बाईंच्या खांद्याला हात लावला. जानकीबाय. बरोबर वनिता. अभियानाच्या कार्यक्रमाला गावागावांतून बायका आणल्या होत्या, त्यांत या दोघी आल्या होत्या.

जानकीबाय वाकून बाईंच्या कानाशी म्हणाली, "चौथा लागलाय. अजून कोनाला सांगितला नाय." मग, "बाय, तुझी मशीन हाय अजून?"

"नाही. बंद झाली."

"मग हिला कोन मोजनार?"

वनिताच्या एका हातात अभियानाची पिशवी होती आणि दुसरा पोटाखाली.

बाईंनी क्षणभर स्टेजकडे पाहिलं. तिथे केळुसकर एका मान्यवराला वाकून काही सांगत होते. "ह्या वेळी मोजत बसायचं नाही," बाई म्हणाल्या. "दोनदा गेलंय. सरळ टाका घालायचा. मुंबईला सरकारी हॉस्पिटलात माझ्या वर्गातली बाई आहे, आज दुपारपर्यंत ओपीडीत असते."

"आज?" जानकीबाय म्हणाली. "डाक्टरला इचारायला नको?"

"मी डॉक्टर हाय," बाई म्हणाल्या, आणि उठल्या.

नेमकं तेव्हाच स्टेजवरून त्यांचं नाव आलं. "निःस्वार्थ, सेवाव्रती, दूरदर्शी अशा डॉक्टर हेमलता म्हात्रे यांनी कृपया मंचावर यावं." लोक वळून पाहू लागले. बाई मधल्या वाटेत उभ्या होत्या, म्हणून सगळ्यांना वाटलं त्या स्टेजकडे येताहेत, आणि टाळ्या सुरू झाल्या. त्या टाळ्यांत त्या उलट्या दिशेने चालत गेल्या. पुढे जानकीबाय गर्दी बाजूला करत, मागे बाई, वनिताचं कोपर धरून, तिच्या पावलांच्या वेगाने. दारापाशी वनिताची चप्पल सटकली. बाई खाली वाकल्या, ती तिच्या पायात सारली, आणि तिघी उन्हात गेल्या.

त्यानंतर बाई मला दिसल्या नाहीत. त्या भावाच्या वाडीत राहतात, फोन लागतो, उचलत नाहीत. वनिताला त्याच आठवड्यात टाका पडला. मूल नवव्या महिन्यात झालं, हे मला मासळीबाजारात जानकीबायने सांगितलं, सुरमई तोलता तोलता. बाईंना कळवलंस का, विचारलं, तर म्हणाली, "फोन उचलत नाय ती."

सभागृहात सूत्रसंचालिकेने नाव आणखी दोनदा पुकारलं. मग स्टेजवर थोडी कुजबुज झाली. शाल आणि श्रीफळ तबकात तयार होतं आणि फोटोग्राफर ताटकळला होता. शेवटी साउंडवाल्याला वर बोलावून त्याचा सत्कार करण्यात आला. त्याने नारळ पिशवीत टाकला आणि शाल स्पीकरवर पांघरली, धूळ बसू नये म्हणून.